बाजूला हो, कुमुद

मी एक कॅमेरा आहे, जुना, भिंगाला आतून बुरशी धरलेला. मित्रांनो, माझ्या तोंडून मोठेपणाच्या गोष्टी ऐकायला बसला असाल तर आधीच सांगतो, मला माझीच किळस येते. का येते तेवढं ऐका.

कारखान्यात माझे भाग जुळवले, डबीत घातलं, आणि मी इंदूरला लक्ष्मीकांतरावांच्या हाती आलो. ते छत्रीबागेत राहायचे आणि कापडाच्या मिलमध्ये साचे खात्यात हजेरी लिहायचे. मागाला तिथे साचा म्हणतात. त्यांना नाद एकच, मालगाड्यांचा. प्रवासी गाडीकडे ते ढुंकूनही बघत नसत. त्यांचा जोडीदार अशोक रेल्वेच्या मालगोदामात कारकून होता. वॅगनला अडकवलेल्या चिठ्ठ्या वाचून तो बातमी आणायचा, कुठली गाडी कुठे चालली, आत काय भरलंय. मग चहाच्या गुमटीवर दोघांचा वाद चालायचा. मोठ्या लाइनीवरची उज्जैनकडची गाडी धरायची, की छोट्या लाइनीवरची महूकडची? ऊन कुठल्या अंगाला येईल, धूर कुठे जाईल? रोलमध्ये फोटो छत्तीसच. एक गाडी निवडायची, बाकीच्या सोडायच्या, आणि स्कूटर काढून तिच्या मागे लागायचं.

त्यांचा एक नियम होता, चौकटीत माणूस नको. माणूस आला की गाडी खेळण्यातली दिसते, असं लक्ष्मीकांतराव म्हणायचे. त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई कधी कधी डबा घेऊन बरोबर यायच्या. त्यामुळे मी सगळ्यांत जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे, "कुमुद, बाजूला हो." त्या व्हायच्या. चुकून फोटोत आल्याच, तर स्टुडिओवाल्याला सांगून तेवढी कड कापून घेतली जायची.

माझं कौतुक फार झालं. पलासियातल्या एका बँकेत माझे चार फोटो लावले होते. काय इंजिन, काय धूर, असं लोक म्हणायचे आणि मी फुगायचो.

पुढे मिल बंद पडली. देश खुला झाला असं पेपरात यायचं, आणि इकडे दरवाजाला कुलूप. हजेरी लिहायला कोणी उरलंच नाही. लक्ष्मीकांतरावांना रोजच सुट्टी, मग रोजच मालगाडी. कुमुदिनीबाईंना धाप लागायची. तुकोगंजच्या दवाखान्यात त्या टेम्पोने एकट्या जाऊन यायच्या.

त्या दिवशी रोलमध्ये एकच फोटो उरला होता. अशोकने दोन बातम्या आणल्या. मोठ्या लाइनीवर नवं डिझेल इंजिन, सोयाबीनची पेंड घेऊन बंदराकडे निघालेलं. छोट्या लाइनीवर कोळशाचं इंजिन, आणि उघड्या वॅगनमध्ये मिलचे साचे, तोडून भंगारात काढलेले. कुमुदिनीबाई त्या दिवशी हिरवी साडी नेसून, केस नीट विंचरून बरोबर आल्या होत्या. राजेंद्रनगरच्या फाटकाशी सगळे थांबले.

"भिया, डिझेल तर आता रोजच दिसणार," अशोक म्हणाला. "आपले साचे काही परत जाणार नाहीत."

कुमुदिनीबाई म्हणाल्या, "अहो, तो एक माझा काढा ना. नाही तर भिंतीवर लावायची वेळ आली की फोटो शोधत फिराल."

"वहिनी, तुम्ही तर आम्हा सगळ्यांना पोहोचवून मग जाल," असं म्हणून अशोक हसला. त्याही हसल्या.

लक्ष्मीकांतराव हसले नाहीत. ते उन्हाकडे बघत होते. "पुढच्या रोलमधला पहिला तुझा. पक्का."

"मालगाडी काय, उद्या पण येते," त्या म्हणाल्या. मग डबा घेऊन फाटकाजवळच्या ओट्यावर बसल्या.

आम्ही साच्यांच्या गाडीला राऊच्या पुढे गाठलं. साच्यांचे लोखंडी हात छाटलेले होते. एकावर पांढऱ्या रंगाने लिहिलेला नंबर अजून दिसत होता. त्या नंबरापुढे लक्ष्मीकांतरावांनी एकोणीस वर्षं हजेरी मांडली होती. मला शिसारी आली. ज्यांनी ते तोडले त्यांची, ज्यांनी ते विकले त्यांची, आणि धूर सरळ वर गेला म्हणून खूश झालेल्या या दोघांचीही. तरी माझा खटका दाबला गेला आणि मी फोटो घेतला. फार सुरेख आला.

परत आलो तेव्हा ओट्यावर ऊन आलं होतं. डबा तसाच झाकलेला. "मिळाली का गाडी?" एवढंच त्यांनी विचारलं.

पुढचा रोल तीन महिने भरलाच गेला नाही. आज भरू, उद्या भरू, असं करता करता दिवाळी जवळ आली, आणि दिवाळीच्या आठ दिवस आधी कुमुदिनीबाई गेल्या.

भिंतीवर लावायला फोटो नव्हता. लग्नातल्या फोटोत त्यांची मान खाली आणि तोंडावर मुंडावळ्या. शेवटी मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. नाकडोळे पुसट झालेले. कोणा सरकारी माणसाने रांगेत उभं करून एका मिनिटात जे केलं, ते मी अकरा वर्षांत केलं नाही.

तेराव्यानंतर लक्ष्मीकांतरावांनी चारशे फोटो पलंगावर ओतले. सगळ्या मालगाड्या. एकाच्या कडेला डबा धरलेला हात होता, मनगटापर्यंत. पुढचं त्यांनीच कापायला लावलं होतं. तेव्हा त्यांनी त्या रोलच्या निगेटिव्हची पट्टी शोधून काढली आणि खिडकीतल्या उजेडात धरली. तिच्यात कड कापलेली नव्हती. कुमुदिनीबाई पूर्ण होत्या. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं होतं, म्हणून त्यांचे केस म्हातारीसारखे पांढरे दिसत होते. तेवढं वय त्यांना मिळालं नाही. चेहरा मात्र अर्धाच, वळलेला. पदर सावरत त्या चौकटीच्या बाहेर निघाल्या होत्या, कारण त्यांना बाजूला हो म्हटलं होतं.

ती पट्टी छापून भिंतीवर लावली नाही. माझ्या कातडी पेटीत माझ्याबरोबर ठेवली आहे. मला परत कोणी उघडलं नाही, आणि ते बरंच झालं.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. तुमच्या हातात कॅमेरा आला तर एवढंच करा. डबा घेऊन जो तुमच्याबरोबर उन्हात उभा आहे, त्याला बाजूला व्हायला सांगू नका. त्याचा फोटो आधी काढा. मालगाडी काय, उद्या पण येते.