राजाचं उष्टं केळं

“राजानं वढलेला आजार पुन्हा पलटला, आसा एक माणूस दाखवा. आत्ता दाढी काढतो,” सोमेश्वर महाराज म्हणले.

मागून एकानं हात वर केला. “महाराज, मी तिसऱ्यांदा आलो.”

“म्हंजे इस्वास पक्का हाय,” महाराज म्हणले. दाढी राह्यली.

शहागडला हायवेच्या कडंला पिंजऱ्यापुढं शे-दीडशे पोटदुखे बसले होते. राजा म्हंजे महाराजांनी चार वर्षं कोंडलेलं लाल तोंडाचं माकड. रीत सोपी. केळ्याचा एक घास दुखणेकऱ्यानं खायचा, उष्टं राजाला द्यायचं. राजानं अर्धवट टाकलेला तुकडा महाराज स्वतः प्रसाद म्हणून खायचे. घटकाभरानं राजा ओकायचा. “वढला बघा,” महाराज म्हणायचे, अन् लोकं हात जोडायचे.

त्या रांगेत माझी वहिनी उषाबाई दोन महिन्यांपासून होती. जालन्याच्या डॉक्टरनं दुर्बीण घालून पोट तपासायला सांगितलं होतं. हिनं गोळ्याच बंद केल्या. आठ किलो उतरली. माणसांच्या डॉक्टरचं ती ऐकंना, म्हणून मी गुरांच्या डॉक्टर प्रियदर्शनीताईंना घेऊन गेलो.

ताईंनी राजाच्या बरगड्या बघितल्या. पिशवीतून कोणी तोंड न लावलेलं अख्खं केळं काढून त्याला दिलं. राजानं खाल्लं. घटकाभरानं ओकला.

“आता हा कोणाचा आजार ओढला?” ताईंनी विचारलं.

रांगेतला रखमाजी म्हणला, “केळ्यालाच आसंल काहीतरी.”

ताईंनी कळवलं, तसं वनखात्यानं राजाला नेलं. नवव्या दिवशी तो मेला. ताईंनी त्याचं पोट उघडलं. जठरातून खाली जायच्या वाटंवर कर्करोगाची गाठ होती. खाल्लेलं उतरतच नव्हतं, म्हणून वर येत होतं. अन् पोटात जंतू सापडला, माणसांच्या पोटात राहतो तोच.

“उष्ट्यातून जाऊ शकतो,” ताई म्हणल्या. “वर्षानुवर्षं राहिला की जखमा करतो, एखाद्याला कर्करोगही. जंगलातल्या माकडाला हजार पोटदुख्यांचं उष्टं कोण चारतं?”

म्हंजे महाराज निम्मं खरं बोलत होते. माकडाला आजार लागला होता. माणसाचा तेवढा कमी झाला न्हाई.

वहिनी मंग गुमान जालन्याला आली. दुर्बिणीत जखम दिसली, जंतू बी तोच. गाठ नव्हती. चौदा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या.

“अन् केळं?” वहिनीनं विचारलं.

“खा की,” डॉक्टर म्हणले. “अख्खं. एकटीनं.”

तर पोट दुखत आसंल तर तपासा, गोळ्या पुऱ्या करा. दुखणं काही बादलीतलं पाणी न्हाई, ह्याच्यातून काढून त्याच्यात वतायला. जंतू मात्र दोघांच्या बी पोटात खुशाल राहतो.

दवाखान्याच्या रांगेत वहिनीच्या मागं सोमेश्वर महाराज होते. पोट धरून. दुर्बिणीला उपाशी यायला सांगितलं होतं. महाराज केळं खाऊन आल्ते. त्यांना दुसरी तारीख दिली.