संडासाची कडी आणि देशातला एकसष्टावा नंबर

मी कडी बोलतेय. दाराला आतून सरकवायची कडी. दार कसलं विचाराल, तर संडासाचं. मुलींच्या संडासाचं. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल.

आज मी भलतीच खुशीत आहे. सकाळपासून माझ्या दांडीला उसंत नाही. खट्ट लाव, खट्ट काढ! अंग दुखतंय, पण काय मजा येतेय म्हणून सांगू!

जन्म माझा कारखान्यातला. पत्रा कापला, ठोकला, वाकवला, घासला आणि मला एका खोक्यात बहिणींच्या शेजारी निजवलं. खोक्यात आमच्या गप्पा रंगायच्या. एक म्हणायची, मी बँकेत जाणार. दुसरी म्हणायची, मी नव्या नवरा-नवरीच्या खोलीला लागणार, आणि स्वतःच खिदळायची. चावट मेली. मी म्हणायचे, जिथे मोठी माणसं येतात-जातात तिथे मी जाणार.

मग दुकानाच्या फळीवर धूळ खात पडले. एक दिवस सुतारमिस्त्री आला. त्याने मला कानाशी धरून पुढे-मागे सरकवलं आणि म्हणाला, “ही द्या. हिचा आवाज खणखणीत आहे.”

त्याने मला बसवलं तेव्हा तो बायकोशी फोनवर बोलत होता. “अगं, विद्यापीठात आहे. मुलींच्या संडासाचं काम... हो गं बाई, घट्टच बसवतोय. आपली पोरगी इथे आली असती तर सैल बसवली असती का?” बोलता बोलता त्याने शेवटचा स्क्रू असा पिळला की माझे डोळे पांढरे झाले.

संडास ऐकून मी आधी हिरमुसले. एवढी स्वप्नं बघितली आणि वाट्याला हे आलं! पण विद्यापीठ ऐकल्यावर जरा ताठ झाले. मोठी माणसं येतात-जातात, हे तर खरं ठरलं.

आमच्या भिंतीपलीकडे क्रमवारी कक्ष होता. वरच्या झरोक्यातून तिथलं सगळं ऐकू यायचं. म्हणून मला कळलं की देशातल्या सगळ्या विद्यापीठांची दरवर्षी एक यादी लागते. कोण पहिलं, कोण शंभरावं. शिक्षक किती, विद्यार्थी किती, संशोधन किती छापलं, पोरांना नोकऱ्या लागल्या का, मुलींची सोय काय, लोकांत नाव कसं, सगळ्याला गुण. शाळेतल्या पोरांना देतात तसेच. फरक एवढाच की इथे आपलं कौतुक आधी आपणच लिहून पाठवायचं आणि मग कुणीतरी तपासायला येणार.

आमचा नंबर एकसष्ट होता. साठाच्या आत आलं की अनुदान वाढतं म्हणे, म्हणून सगळे पेटले होते. मुलींच्या सोयीचे गुण कमी पडले होते, म्हणून विज्ञान विभागाच्या तिसऱ्या मजल्यावर हा नवा संडास बांधला. म्हणजे माझा जन्म कारखान्यातला असला तरी मला इथे आणलं ते त्या नंबराने.

कक्षात एक बाई बसायच्या. सगळे त्यांना माहितीवाल्या बाई म्हणत. चहा समोर गार होई आणि त्या आकडे जुळवत बसत. कुलसचिव साहेब, म्हणजे विद्यापीठाचा कारभार बघणारे, दर तासाला येऊन विचारत, “साठाच्या आत येऊ ना हो?”

“सर, हे प्राध्यापक गेल्या वर्षी वारले. यांचं नाव अजून शिक्षकांत आहे.”

“असू द्या हो. त्यांचं कार्य अमर आहे.”

“कार्य अमर असेल सर, ते स्वतः नाहीत ना.” आणि बाईंनी नाव काढून टाकलं. मला त्या तेव्हाच आवडल्या.

संडास बांधून झाला. फरशी लख्ख, नळ चकचकीत, आरसा मोठा. फोटो निघाले. फीत कापली. हो, संडासाची फीत! मी आत थरथरत होते, आता पोरी येतील, आता मला लावतील.

आणि साहेबांनी बाहेरच्या दाराला कुलूप घातलं.

“समिती बघायला येईपर्यंत कुणी वापरायचं नाही. खराब होईल,” म्हणाले.

समिती कधी येणार? पुढच्या महिन्यात. मग त्याच्या पुढच्या. तारखा सरकत राहिल्या, मी मात्र जागची हलले नाही. पोरी यायच्या, बाहेरचं दार ओढून बघायच्या, शिव्या घालून जायच्या. मैदान ओलांडून पलीकडच्या इमारतीत जुना संडास होता, तिथे रांग. समोरच्या प्रयोगशाळेत एक मुलगी काम करायची. बारीक, उंच, आणि बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून मैत्रिणी तिला टिटवी म्हणत. रोज दुपारी कुलपाशी उभी राहून ती मैत्रिणीशी बोलायची.

“पाणी प्यायलीस का गं?” मैत्रीण विचारायची.

“वेडी आहेस? पाणी प्यायले तर मैदान पार करायला लागेल. तेवढ्यात माझ्या दोन नोंदी चुकतात.”

“अगं पण मागच्या महिन्यात केवढी आजारी पडलीस! डॉक्टर काय म्हणाले?”

“पाणी पी म्हणाले. त्यांना काय, त्यांचा संडास दवाखान्यातच आहे.”

तिचं काम असं होतं की यंत्रासमोर बसून दर थोड्या वेळाने आकडा टिपायचा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, मध्ये खंड नको. तिचा मार्गदर्शक सर तिला सरळ म्हणाला होता, “सलग एका पूर्ण दिवसाच्या नोंदी दे. सोमवारपर्यंत नाही दिल्यास तर यंत्रावरची जागा दुसऱ्याला. सारखं उठायचं असेल तर हे काम तुझं नाही.” तिने कारण सांगितलं नाही. सरांना कसं सांगणार? तोंडाने एवढी टिटवी, पण तिथे गप्प.

साहेबांसमोर मात्र गप्प बसली नाही. एकदा त्यांना कुलपासमोरच गाठलं.

“साहेब, एवढं कुलूप काढा ना.”

“समिती येऊन जाऊ दे. घाण होईल.”

“संडास आहे साहेब. दुसरं काय होणार त्याचं?”

साहेब कानापर्यंत लाल झाले. “फार बोलतेस. तुझ्या शिष्यवृत्तीच्या कागदावर माझी सही असते, माहीत आहे ना?”

आत मी एवढी तडफडले! मला हात असते तर कुलपाचे तुकडे केले असते. पण मी आतून मोकळी आणि बाहेरून बंद, अशी कसली कडी मी? लावलीच नाही कुणी, तर मी नुसती पत्र्याची पट्टी.

शेवटी समितीचा दिवस उजाडला. आदल्या संध्याकाळी रंगारी आले. भिंती रंगवल्या, दारं रंगवली आणि जाता जाता माझ्यावरही चकचकीत रंगाचा जाड हात मारला. मी ओरडतेय, अरे बाबा, मला हलायचं असतं! कोण ऐकतंय? रंग माझ्या दांडीत आणि खोबणीत शिरला.

सकाळी अत्तराचा फवारा, फिनेल, कुंड्या. साहेब नवा कोट घालून. समितीत दोन पुरुष आणि अध्यक्षबाई. वयस्कर, जाड चष्मा, पायात मजबूत बूट. प्रत्येक विभागात त्यांना चहा पाजून पाजून इथवर आणलं होतं. कुलूप निघालं. माझ्या काळजात धस्स झालं, आनंदाने.

“वा, चकाचक,” एक पुरुष दारातूनच म्हणाला आणि कागदावर खूण केली.

“रोज किती मुली वापरतात?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“तीनशे तरी असतील, मॅडम,” साहेब म्हणाले.

बाईंनी नळाकडे बघितलं. नळाच्या मानेवर दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच होतं. म्हणाल्या, “मला जायचंय.” आणि त्या आत आल्या. माझ्याच दाराच्या आत! दार लोटलं, मला धरलं आणि जोर लावून सरकवलं.

काय सांगू तुम्हाला! तो खट्ट आवाज! मिस्त्रीने दुकानात ऐकला होता तो! मी लागले होते, माझ्या आड कुणीतरी निर्धास्त बसलं होतं. जन्माचं सार्थक झालं म्हणेन.

मग बाईंनी पाणी सोडायला खटका दाबला. टाकी कोरडी ठाक. बाहेर नळ तर असे झळकत होते, पण आत पाइपच जोडला नव्हता. वापरायचाच नाही म्हटल्यावर जोडायचं कुणाला सुचलं असेल!

बाई बाहेर यायला निघाल्या आणि मी हलेना. रंग घट्ट धरून बसला होता. त्यांनी ओढलं, ढकललं, बुटाने दार ठोकलं.

“अहो, कडी अडकली!”

बाहेर जी धांदल उडाली! साहेब बाहेरच्या दारापर्यंत धावले आणि तिथेच थबकले. मुलींचा संडास! आत कसं जायचं? दोन समितीवाले, साहेब, शिपाई, सगळे पुरुष उंबऱ्यावर उभे राहून आत ओरडतायत, “मॅडम, घाबरू नका!” “मॅडम, जोर लावा!” जोर लावा काय? लाज नाही वाटत!

तेवढ्यात आवाज ऐकून टिटवी समोरून आली. पुरुषांना बाजूला सारत सरळ आत. दाराला कान लावला, परत पळाली आणि प्रयोगशाळेतली ग्लिसरीनची बाटली घेऊन आली.

“मॅडम, दाराखालून बाटली सरकवतेय. कडीवर ओता आणि जरा वेळ मुरू द्या.”

बाईंनी बोटाने माझ्या खोबणीत ग्लिसरीन चोळलं. आहाहा! जन्मात कुणी मला इतक्या मायेने हात लावला नव्हता.

“तू इथलीच ना, बाळ?”

“हो मॅडम, समोरच काम करते.”

“मग हा संडास तू रोज वापरत असशील.”

बाहेर साहेब खोकले. एकदा, मग जोरात दुसऱ्यांदा. त्यांचे डोळे टिटवीच्या पाठीत रुतलेले मला फटीतून दिसत होते. शिष्यवृत्तीची सही, यंत्रावरची जागा, सोमवार, सगळं तिच्या तोंडावर येऊन गेलं.

आता एक गंमत सांगते. रंग तेव्हाच सुटला होता. मला सहज सरकता आलं असतं. पण मी म्हटलं, थांब गं बये, ही पोर आधी बोलू दे. आणि मी गच्च धरून ठेवलं.

“नाही मॅडम,” टिटवी म्हणाली. “मी आज पहिल्यांदा आत आले. याला कुलूप असतं. तुम्ही येणार म्हणून.”

“मग तू कुठे जातेस?”

“जात नाही. पाणीच पीत नाही. कुलूप काढा म्हटलं, तर साहेबांनी शिष्यवृत्तीच्या कागदावरच्या सहीची आठवण करून दिली.”

मी माझी पकड सोडली. खट्ट! दार उघडलं.

बाई बाहेर आल्या. ग्लिसरीनचे हात रुमालाला पुसले. आरडाओरडा नाही, काही नाही. साहेबांसमोर हात पुढे केला. “कुलूप द्या.”

साहेबांनी दिलं. बाईंनी ते आपल्या पर्समध्ये टाकलं. “हे मी घरी नेतेय. मी आता दोन विभाग बघून परत येईन आणि मला पुन्हा जायचं असेल. तेव्हा पाणी हवं. आणि या मुलीच्या कागदावरची सही कधी होते ते मी स्वतः विचारणार आहे.”

मग काय पळापळ! प्लंबर आला, पाइप जोडले, नळ खोकला, गढूळ पाणी थुंकला आणि मग स्वच्छ धार लागली. त्या धारेच्या आवाजावर अख्खा मजला टाळ्या वाजवत होता, खोटं नाही सांगत.

दुसऱ्या दिवशी टिटवी सकाळी बाटली भरून पाणी प्यायली. दिवसभर यंत्रासमोर बसली. मध्ये धावत यायची, मला लावायची, काढायची, आणि पुढच्या नोंदीआधी खुर्चीत परत. संध्याकाळी मार्गदर्शक सर आला, आकडे बघितले आणि म्हणाला, “सलग आहेत की! आज कसं जमलं?”

“आज पाणी प्यायले, सर.”

त्याला काही कळलं नाही. पण जागा तिची राहिली.

यादी लागली तेव्हा आमचा नंबर चौऱ्याहत्तर. साहेब म्हणाले, “एका कडीने बुडवलं.” मेल्याने मला नावं ठेवली, पण निदान माझं नाव तरी घेतलं! माहितीवाल्या बाई उठून इकडे आल्या. दार लावलं, मला सरकवलं आणि थोडा वेळ रडल्या. किती राबल्या होत्या त्या! मी घट्ट राहिले. मग त्यांनी तोंड धुतलं आणि आरशाला म्हणाल्या, “पुढच्या वर्षी सगळेच आकडे खरे भरते आणि बघते कोण अडवतं ते.”

बाहेरून टिटवी ओरडली, “बाई, आटपा हो! माझी नोंद चुकेल!”

आज माझा एक स्क्रू गेलाय. रंगाचे पोपडे उडालेत. पोरी माझ्यावर ओढण्या टांगतात, पिशव्या अडकवतात, घाईत आपटतात. कुणीतरी माझ्या शेजारी खिळ्याने स्वतःचं नाव कोरलंय, तेही वाकडंतिकडं. मला नव्या कड्यांचा हेवा वाटत नाही. त्या खोक्यात लख्ख पडून असतील, पडू देत.

तपासायला येणाऱ्या शहाण्या माणसांनो, तुम्हाला एकच सांगणं आहे. दारातून बघून खूण करू नका. आत या. दार लावा. मला सरकवून बघा. पाणी सोडून बघा. आणि मग बाहेर उभ्या असलेल्या पोरीला विचारा, तू आज पाणी प्यायलीस का गं? ती हो म्हणाली तर हवा तो नंबर द्या.

बरं, निघते. कॉरिडॉरमध्ये पावलं वाजतायत, धावत येतायत. ये गं पोरी, ये! मी आहे!