बूट काढून लढाई

माझा नवरा एका राक्षसाशी माझ्यापेक्षा जास्त बोलायचा. हे मी रागानं सांगत न्हाय, जे हाय ते सांगते. बरं, रागानंच सांगते.

माझं नाव वर्षाराणी. माहेर भूमचं, सासर येरमाळ्याचं. नवऱ्याचं नाव बसवेश. घेतलं मी नाव, उखाणा-बिखाणा काही न्हाय. तोंडावर त्याला अहो-जाहो करते, मनात अरे-तुरे, आणि ही सगळी गोष्ट मनातलीच हाय. हायवेला त्याचं दुकान हाय, शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी तिथं तांब्याची नवी तार भरून मिळतात. दुकानाच्या मागं घर. घरात सासूबाई रुद्रम्मा, त्यांना मी आत्या म्हणते. माणूस वाईट म्हणावा तर तसंही न्हाय. दारू न्हाय, तंबाखू न्हाय, आवाज चढवणं न्हाय. आवाजच न्हाय तर चढवणार काय? "जेवलीस का?" "व्हय." "पाणी आलं का?" "आलं." संपला संसार.

आमच्या माहेरी जेवायला बसलं की सगळे एकदम बोलतात, ऐकायला कुणी शिल्लकच राहत न्हाय. अशा घरातून मी आलेली. वैशाखात लग्न झालं, तेव्हा वाटलं, नवा हाय, लाजत असंल, हळूहळू खुलंल. कशाचं काय! ज्येष्ठ संपत आला तरी गाडी "जेवलीस का"च्या पुढं सरकंना.

आता आमच्यात रीत अशी, की लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात नव्या सुनेनं सासरी राहायचं न्हाय. त्या महिन्यात सासू-सुनेनं एका उंबऱ्याच्या आत असू नये म्हणतात. त्यामुळं अमावास्येच्या आदल्या दिवशी बाबा मला न्यायला येणार होते. आणि म्या मनाशी पक्कं केलं होतं. तोवर ह्या माणसानं माझ्याशी धड चार वाक्यं बोलून दाखवली न्हाईत, तर भूमला गेलेली वर्षाराणी काही परत येणार न्हाय. लग्नाआधी मी तिथं कंप्युटर क्लासमध्ये शिकवत होते, आणि क्लासच्या मॅडमनी माझी जागा अजून भरली नव्हती. हे म्या कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा न्हाय.

तर तो राक्षस. दुकान बंद करून, हातपाय धुऊन बसवेश कंप्युटरपुढं बसायचा आणि जेवणाचं ताट वाढेपर्यंत एक गेम खेळायचा. गेम म्हणजे एक अख्खा मुलूखच होता हो. डोंगर, नद्या, पडके किल्ले, जाल तिकडं जा, कुणी अडवत न्हाय. फक्त एका ठिकाणी अडवतंय. डोंगरावर एक दगडी देऊळ, त्याच्या सभामंडपात एक धिप्पाड राक्षस, दोन्ही हातांत कुऱ्हाडी. थोबाड असं, की धोंड्याच्या महिन्यात मानपान न मिळालेला जावईच. म्या त्याचं नावच जावईबापू ठेवलं. ह्या जावईबापूंनी आमच्या साहेबांना कित्येक आठवडे पायरीच्या वर चढू दिलं नव्हतं.

मी तिथंच पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसायची. आणि ऐकायची. "अरे थांब, थांब... आता कुठं जातोस... हां, ये, ये की... अगं आई गं! गेलं." पुन्हा पहिल्यापासून. "आज तुला सोडत न्हाय बघ... तुझ्या तर... गेलं." म्हणजे ह्या माणसाला वाचा होती! मंडपातल्या त्या धोंड्याशी रोज एवढं बोलतो आणि इथं जिती-जागती बायको बसलीय, तिला "पाणी आलं का"! माझं डोकं असं फिरायचं म्हणून सांगू, घडी घातलेला शर्ट उलगडून परत चुरगाळावासा वाटायचा. एकदा चुरगाळलासुद्धा. त्यानं तो गप घातला आणि तसाच दुकानात गेला.

बाबा यायच्या आदल्या दिवशी बसवेश सामान आणायला बार्शीला गेला होता. आत्या देवपूजेत. म्या कंप्युटर लावला. म्हटलं, बघू तरी ह्या जावईबापूत असं हाय काय, जे माझ्यात न्हाय.

बटणं बघून बघून पाठ झाली होती. आमच्या साहेबांचा वीर, नखशिखांत लोखंडात मढवलेला, देवळाच्या पायऱ्यांपाशी उभा होता. आणि माझ्या हातानं काय केलं असंल? सामानाची पेटी उघडली आणि त्याचे बूट काढून ठेवले. अहो, देऊळ दिसलं, पायऱ्या दिसल्या, की पायातलं काढायचं, हे हाताला कुणी सांगावं लागतं व्हय? राक्षस असला म्हणून काय झालं, देऊळ ते देऊळच. बूट काढून, अनवाणी, मी मोठ्या धिटाईनं मंडपात शिरले. जावईबापूंनी एकाच फटक्यात माझा निकाल लावला. परत गेले, परत मेले. मेलं की आपण आपले पायरीपाशी उभे. असं करत करत कुऱ्हाड उजवीकडून येतीय का डावीकडून, हे जरा कळायला लागलं, तेवढ्यात आत्यांनी हाक मारली, "वर्षा, फुलं आण गं!" म्या घाईघाईनं बंद केलं आणि पळाले. बुटांचा विषय डोक्यातून साफ गेला.

संध्याकाळी बसवेश बसला. जावईबापूंनी कुऱ्हाड उगारली, आमच्या वीरानं कोलांटी मारली, आणि असा सुळ्ळकन बाजूला गेला की बसवेश खुर्चीतून अर्धा उठला.

"आँ? आज ह्याला काय झालं?"

दुसरी कुऱ्हाड. पुन्हा सुळ्ळकन बाहेर. रोज हा वीर लोळायचा कसा, तर उसानं भरलेली ट्रॉली वळल्यासारखा. आणि आज नुसता पारा! बसवेश वार करतोय, निसटतोय, वार करतोय. जावईबापूंचं रक्त कधी नव्हं ते निम्म्यावर आलं. मग त्यांनी डरकाळी फोडली, कुऱ्हाडींना आग लावली, आणि हा घाईत तीन-चार वार जास्त मारायला गेल्यावर ह्याला भाजून काढलं.

"हावरटपणा केला," मी पलंगावरून बोलून गेले. "एक वार मारून मागं यायचं की!"

बसवेश वळला. माझ्याकडं बघितलं, मग स्क्रीनकडं. सामानाची पेटी उघडली.

"ह्याचे बूट कुठं गेले?"

आता लपवून काय उपयोग होता? "म्या काढले."

"तू खेळलीस?"

"व्हय."

"आणि बूट का काढले?"

"देवळात बूट घालून जातात का?" म्या उलट त्यालाच झापलं. "इतके दिवस तुम्ही बूट घालून आत शिरताय, मार खाणार न्हाय तर काय प्रसाद मिळणार?"

त्यानं वीराच्या अनवाणी पायांकडं बघितलं. आणि मग हसला. असा हसला की डोळ्यांतनं पाणी. म्या त्याला हसताना पहिल्यांदा बघितलं. आणि मग तो बोलायला लागला. "अगं, वजन! माझ्या डोक्यातच आलं न्हाय. माणूस तीन एचपीचा, आणि म्या अंगावर लोखंड घातलं पाच एचपीचं. मोटार चालणार कशी? जळणारच! रोज दुकानात लोकांना हेच सांगतो, लोड बघून चालवा, आणि इथं स्वतः... बूट काढले तसा लोड उतरला, म्हणून तो कोलांट्या मारतोय. आणि तुला सांगू, त्याच्या डाव्या खांद्याकडं बघायचं, खांदा हलला की..."

आणि मधेच थांबला. तोंडावर हात ठेवला. चोरी सापडल्यासारखं दाराकडं बघितलं, जिथं आत्या बसल्या होत्या. मग खाली मान घालून म्हणाला, "जेवलीस का?"

अजून ताटं वाढली नव्हती! माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. म्हटलं, बास. आता मात्र बास.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळं आवरलं. दुपारच्या गाडीनं बाबा येणार, चारच्या गाडीनं आम्ही जाणार. बसवेश दुकानात होता. वेळ जाता जाईना, तेव्हा म्या कंप्युटर लावला आणि जावईबापूंपुढं जाऊन उभी राहिले. त्यांच्याशी बोलायलाच गेले होते मी. ह्या घरात बोलायचं ते त्यांच्याशीच, अशी पद्धतच पडलीय ना! "काय हो जावईबापू, काय मिळवलंत? माझ्या नवऱ्याचं सगळं बोलणं तुम्ही खाल्लं. मला दोन घास ठेवले असते तर काय बिघडलं असतं? आता बसा दोघंच बोलत. मी काही परत येत न्हाय."

"परत येत न्हाय म्हणजे?"

बसवेश मागं उभा होता. हाताला तांब्याच्या तारेचा भुगा, तोंड पांढरं पडलेलं.

"म्हणजे न्हाय येत," म्या म्हटलं. आता रडायलाच यायला लागलं होतं, पण रडतीय कसली, भांडलेच. "दोन महिन्यांत तुम्ही माझं नाव तरी घेतलंत का? मी काय भिंत हाय? नसंल मी आवडत तर तसं सांगा, मी ऐकून घेईन, पण हे मुक्यासारखं बसणं मला सोसत न्हाय."

तो खाली पलंगाच्या काठावर बसला. "वर्षाराणी," तो म्हणाला. पहिल्यांदाच. "तुझ्याआधी माझं एक लग्न ठरलं होतं. त्या पोरीशी मी फोनवर बोलायचो. लई बोलायचो. मोटारी कशा जळतात ते सांगितलं, मग हा गेम अख्खा सांगितला, पहिल्या डोंगरापासून. तिनं घरी सांगितलं, पोरगा चांगला हाय, पण डोकं उठवतो. मोडलं लग्न. तेव्हापासून आईनं धसका घेतलाय. तू यायच्या आधी तिनं मला गावच्या देवीची, येडाईची शपथ घातली. पहिला आषाढ निघेस्तोवर नवरीपुढं तोंड उघडायचं न्हाय. एकदा माहेरी जाऊन परत आली की मग काय बोलायचं ते बोल. तू राहावीस म्हणून गप होतो गं."

मला हसू यावं का रडू, कळंना. राहावी म्हणून गप, आणि गप म्हणून मी चाललेली!

"मग आता बोललात ते?"

"आता तू जायलाच निघालीस. येडाई समजून घेईल."

म्या डोळे पुसले. "तुम्ही डोकं उठवता का न्हाय, ते माझं मी ठरवीन. बसा इकडं. आणि बूट घालायचे न्हाईत."

कीबोर्ड म्या घेतला, माउस त्यानं. पळणं आणि कोलांट्या माझ्याकडं, तलवार त्याच्याकडं. एका वीराला दोघांनी चालवायचं म्हणजे बोलल्याशिवाय इलाजच न्हाय. "डावा खांदा हलला, पळ!" "पळाले, आता मारा! एकच! एकच म्हटलं ना!" "औषधाची बाटली पाजू का?" "तो डरकाळी फोडंल तेव्हा पाजा, आता न्हाय!" "तुझा दम संपत आलाय, हिरवी पट्टी बघ!" "माझा दम संपत न्हाय, तुम्ही मारा!" कुऱ्हाडींना आग लागली. आम्ही अनवाणी त्या आगीतनं सुळसुळ फिरतोय. जावईबापूंचं रक्त एवढंसं, नखाएवढं राहिलं.

"खांदा हलला!"

"मारा!"

लाईट गेली.

येरमाळ्याची लाईट, तिला काय वेळकाळ! इन्व्हर्टर तिकडं दुकानात. आम्ही दोघांनी अशी बोंब मारली, की दारात आलेल्या बाबांच्या हातातली पिशवी पडली. बाबा, म्हणजे पंचाक्षरी मास्तर, अंगणापासूनच "मारा, मारा" ऐकत आले होते. त्यांच्या मागं आत्या, कपाळाला हात लावून. "अय्य शिवा, बोलला का रे शेवटी! आता गेली ही पोर."

"न्हाय हो आत्या," म्या म्हटलं. "आणि तुमच्याशी मला नंतर लई भांडायचंय."

चारची गाडी आली तरी लाईट आली नव्हती. बसवेश स्टँडवर सोडायला आला. खिडकीशी उभा राहून म्हणाला, "तू येस्तोवर मी त्याला हात लावत न्हाय. असाच राहू दे, नखाएवढा." आणि मग सुरू झाला तो थांबंचना. जावईबापू पडल्यावर मागचं दार कसं उघडतं, पलीकडं बर्फाचा मुलूख कसा हाय, तिथं बूट लागतील का न्हाय, त्याच्या लहानपणी आत्यांनी त्याला विहिरीत पोहायला कसं ढकललं होतं. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. हा बोलत बोलत खिडकीबरोबर चालायला लागला.

"पाव्हणं," कंडक्टर ओरडला, "एक तर वर या, न्हाय तर गप बसा!"

बसवेश वर आला.

भूमपर्यंत तो बोलत होता. बाबा पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले होते, पण झोपले नव्हते, त्यांचे खांदे हसत होते. डोकं उठतंय का, म्हणून मी मुद्दाम लक्ष ठेवलं. उठत होतं जरासं. पण मला लई बरं वाटत होतं, इतकं बरं की मी त्याला एकदासुद्धा मधे तोडलं न्हाय, आणि मला ओळखणारं कुणी हे ऐकलं तर खरं मानणार न्हाय.

भूमच्या स्टँडवर बाबा म्हणाले, "चला, घरी चहा तरी घ्या." बसवेश म्हणाला, "नको मामा, आईला न सांगताच आलोय." आणि समोर लागलेल्या परतीच्या गाडीत चढला. आषाढ लागायला अजून दोन दिवस होते. गाडी वळून दिसंनाशी झाली, तशी म्या बाबांना विचारलं, "बाबा, येरमाळ्याला जाणारी सकाळची पहिली गाडी किती वाजता असती हो?"