ईनबाईंसाठी जनरेटर

कुसुमची जीभ घसरली ती फोनवर. सुनेच्या आईनं, नागपूरच्या प्रतिभाताईंनी, पहिल्यांदाच पांढुर्ण्याला यायचं ठरवलं अन् सहज विचारलं, "तिकडे लाईट राहते ना हो ईनबाई? पंख्याशिवाय माझा जीव घाबरा होतो." बस्स! कुसुमच्या तोंडून निघून गेलं, "अहो, घरी जनरेटर आहे आमच्या. लाईट गेली तरी समजत नाही."

जनरेटर म्हणे! घरात चार्जिंगची बत्तीसुद्धा धड नव्हती. फोन ठेवला अन् कुसुम भानावर आली. ईनबाई रविवारी येणार. त्यांच्यासमोर नाक कापलं गेलं तर लेकासोबत परगावी राहणाऱ्या सुनेला तोंड कसं दाखवायचं?

नवरा भैय्याजी पोस्टातून रिटायर झालेले, पण स्वतःला अर्धे इंजिनीअर समजणारे. त्यांनी रामाकोना गावात भावाच्या संत्र्याच्या बगीच्यात पडलेलं, दोरी ओढून चालू करायचं छोटं जनरेटर उचलून आणलं. सोबत एक वायर बनवली, दोन्ही टोकांना पिन असलेली. "एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं आपल्या सॉकेटमध्ये. दहा मिनिटाचं काम! कायले वायरमन पायजे?"

कुसुमनं तरी वीरेंद्र वायरमनला बोलावलंच. त्यानं ती वायर पाहिली अन् कपाळावर हात मारला.

"काका, लाईट गेली की आपला लाईनमन खांबावर चढते. तार बंद आहे म्हणून बिनधास्त हातात धरते. अन् तुमचा करंट या वायरीनं उलटा तिकडे गेला तर? तो तिथंच चिकटते!"

"अगं माय!" कुसुमच्या अंगावर सर्रकन काटा आला. "माझ्या पंख्यापायी कोण्या बाईचा नवरा मारता का तुम्ही?" तिनं वीरेंद्रच्या हातातली पकड हिसकावली अन् वायरीचे कटाकट तुकडे केले. भैय्याजी खाली बसून तुकडे वेचायला लागले.

मग वीरेंद्रनं मीटरजवळ चेंजओव्हरचा स्विच बसवला. दांडा वर केला की सरकारी लाईट, खाली केला की जनरेटरची, मध्ये ठेवला की काहीच नाही. दोन्ही एकावेळी जोडल्या जाणार नाहीत म्हणजे नाहीत. धूर घरात येऊ नये म्हणून जनरेटर मागच्या अंगणात, लांब जांबाच्या झाडाखाली ठेवलं.

रविवारी प्रतिभाताई आल्या. लाईट रोज अकराला जाते, ती गेली नाही. बारा वाजले, जेवणं झाली, पंखा आपला गरागरा फिरून राहिला. एरवी लाईनवाल्यांच्या नावानं बोटं मोडणारी कुसुम आज मनात म्हणत होती, जा गं बाई, पाच मिनिटं तरी जा! प्रतिभाताईंची परतीची गाडी पाचची. साडेतीन झाले अन् तिला काही राहवेना.

तिनं भैय्याजींना डोळा मारला. लग्नानंतर पहिल्यांदाच मारला असेल, कारण ते आधी लाजलेच. मग समजलं अन् मागे पळाले. कुसुमनं मीटरजवळ जाऊन दांडा हळूच मध्ये आणला. पंखा थांबला.

"गेली का हो?" आतून प्रतिभाताई.

"जाते हो रोज! थांबा, आता पाहा गंमत!"

भैय्याजींनी दोरी ओढली. एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्यांदा भडभडभड करत जनरेटर चालू झालं, कुसुमनं दांडा खाली केला अन् पंखा फिरला! प्रतिभाताईंनी टाळ्या वाजवल्या. कुसुमला वाटलं, आपण आता हवेत उडून राहिलो.

तेवढ्यात भिंतीवरून शेजारच्या मनकर्णाबाईंचं डोकं वर आलं. "अवं कुसुम, आमच्याइथं तर हाय लाईट! तुमचीच काहून गेली?"

कुसुमला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. प्रतिभाताई उठल्या, मीटरपाशी आल्या, दांड्याकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

"खोटं बोलली मी," कुसुमचे डोळे भरले. "जनरेटर नव्हतंच. तुम्ही येणार म्हणून आणलं. अन् मेली लाईटच जाईना, म्हणून मीच बंद केली!"

प्रतिभाताई ज्या हसत सुटल्या, त्या भिंतीला धरून, पदर तोंडात कोंबून. कुसुमलाही आवरेना. मनकर्णाबाई काहीच न समजता भिंतीपलीकडे हसून राहिल्या. हसता हसता प्रतिभाताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"हे गेल्यापासून तिथे एकटीच राहते मी," त्या म्हणाल्या. "माझ्या एका पंख्यासाठी कोणी एवढी धावपळ केली नव्हती हो. गाडी राहू द्या आजची. खरी लाईट जाईपर्यंत मी इथून हलत नाही!"

अन् लाईटही अशी खट, दोन दिवस पापणी मिटली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गेली.

"गेली गं कुसुम, गेली!" प्रतिभा ओरडली, अन् दांड्याकडे आधी तीच धावली.