एसिल्फी वकिलांच्या दारची पाण्याची वाटी

मी बोलतेय ती एसिल्फी वकिलांच्या ओसरीवरच्या तिवईवरून. तांब्याभर पाणी मावेल एवढी भोपळ्याची वाटी आहे मी. या घरी जो येतो तो आधी मला तोंड लावतो, आणि मी त्याच्या ओठांकडे बघते. खोटं कशाला बोलू, संशयानंच बघते. ही खोड मला जन्माची नव्हे. ती लागली कशी, तेवढं सांगते.

माझा वेल एकुआबाईंच्या आईच्या परसात चढला होता. फळ जून झालं तेव्हा म्हातारीनं ते चिरलं, गर खरवडला, उकळत्या पाण्यातून काढून समुद्रकाठच्या उन्हात वाळवलं आणि देवाचं नाव घेऊन कडेला नक्षी कोरली. एकुआबाई वकिलांशी लग्न करून इथं अनोमाबू गावी आल्या, त्या मला कपड्यांच्या पेटीत घालून.

आमच्या किनाऱ्यावरची रीत अशी, की आलेल्याला आधी पाणी. तो ते पितो, वाटी परत देतो, मग घरधनी विचारतो, ‘कसं येणं केलंत?’ पाण्याआधी काम विचारायचं नाही, आणि पाहुण्यानंही सांगायचं नाही. दारातच काम विचारतात ते वैऱ्याला.

वकीलसाहेब विलायतेत शिकलेले, पण ही रीत त्यांनी कधी मोडली नव्हती. संशय घेणं हा त्यांचा धंदाच. जमिनीचे दावे चालवायचे, तर साक्षीदार पाणी पीत असतानाच ते त्याला जोखत. गोरा न्यायाधीश म्हणे, की हा एसिल्फी उलटतपासणीला उभा राहिला की मला माझंच नाव पुन्हा तपासावंसं वाटतं.

त्यांचे कारकून बायडू. वयानं थोरले. बावीस वर्षं त्यांनी साहेबांच्या कागदांची पेटी वाहिली. गावात सगळे त्यांना ‘एग्या’ म्हणत, म्हणजे बाबा. साहेब मात्र नुसतं ‘बायडू’ म्हणत.

पुढे गोऱ्यांचं निशाण उतरलं. साहेब निवडून संसदेत गेले आणि विरोधी बाकावर बसले. थोड्याच दिवसांत चौकशीविना तुरुंगात टाकायचा कायदा आला आणि त्यांच्या बाकावरची माणसं एकेक करून दिसेनाशी झाली. त्यात आणखी एक घडू लागलं. रविवारी घरात मासे खाता खाता साहेब जे बोलत, ते बुधवारी संसदेत मंत्र्याच्या तोंडून ऐकू येई.

घरातलंच कुणीतरी फितूर होतं. साहेबांनी ड्रायव्हर काढला, मग आचारी काढला. एकुआबाई म्हणाल्या, “अराबाचे बाबा, लेक सासरी गेली, आता उरलो मी आणि ही वाटी. आमच्यातलं कुणाला काढताय?”

साहेब हसले नाहीत.

मग कुणीतरी येऊन सांगितलं, की बायडू दोनदा सरकारी पक्षाच्या कचेरीच्या जिन्यावर दिसले. मलाही वाटलं, हल्ली हे पाणी घोट घोट करत पितात खरे. पाप लागो मला.

एका मंगळवारी सकाळी एकुआबाई प्रार्थनेला गेल्या होत्या. बायडू घाईघाईनं फाटकातून आले, घामानं निथळत. मी काठोकाठ भरलेली होते. साहेब खुर्चीतून उठले नाहीत.

“काय काम काढलंस?”

बायडू पायरीवरच थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “साहेब, आधी…”

“आधी काम सांग. जिने चढून दमला असशील, ते मला ठाऊक आहे.”

“तुम्हाला पकडायला पोलीस आला, तरी त्याला पाणी द्याल तुम्ही,” बायडू म्हणाले, आणि टोपी घालून चालते झाले.

एकुआबाई परत आल्या आणि घडलं ते कळताच त्यांनी मला उचललं. खासदाराची बायको पाण्यानं भरलेली वाटी हातात धरून भर बाजारातून धावत निघाली. मासे विकणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. मोटारथांब्यावर बायडू सापडले. बाईंनी मला पुढे केलं. बायडूंनी मान फिरवली. बाईंचे हात भरून आले, पण त्यांनी मला खाली घेतलं नाही. शेवटी बायडू प्यायले आणि मग बोलले. त्यांची भाची पोलीस कचेरीत टाइप करते आणि त्याच पक्षकचेरीच्या माडीवर भाड्यानं राहते. तिनं पकडायच्या माणसांची यादी टाइप केली होती. तिसरं नाव साहेबांचं, आणि वार गुरुवार.

बाईंनी घरी येऊन सांगितलं, ते साहेबांनी ऐकून घेतलं. “मी पळावं एवढंच त्यांना हवंय. पळालो की गुन्हा आपोआप शाबीत. बायडूला शिकवून पाठवलंय.”

गुरुवारी पोलीस आले. पाणी पिऊन साहेबांना घेऊन गेले.

एकुआबाईंनी तेव्हापासून शुक्रवारचा निर्जळी उपास धरला आहे, धनी घरी येईपर्यंत. बायडू दर शनिवारी येतात, पाणी पितात, सुटकेचे अर्ज लिहितात. चौदा महिन्यांनी पहिली भेट मिळाली, तेव्हा दोघं मिळून गेले. मला तुरुंगात कोण नेणार? पण बाईंनी येऊन सांगितलं, ते मी हजारदा मनाशी घोळवलंय.

साहेब वाळले होते. पुढ्यात टिनचा मग, संध्याकाळपर्यंतचं तेवढंच पाणी. त्यांनी तो उजव्या हातानं उचलून बायडूंपुढे ठेवला. बायडूंनी तो संपवेपर्यंत ते गप्प बसून राहिले. मग म्हणाले, “एग्या, कसं येणं केलंत?”

माझं काम त्या दिवशी एका टिनच्या मगानं केलं. मला जराही वाईट वाटलं नाही.

साहेब अजून आत आहेत. यंदा सुटतील, असं बाईंचं मन सांगतं, आणि माझंही. फितूर कोण, ते मात्र आजवर कळलेलं नाही. तो माझ्यातून कितीदा प्यायला असेल, उद्याही येईल. त्यालाही आधी पाणीच मिळायचं, असं बाईंनी बजावून ठेवलंय. देईन. फक्त तो पिऊन होईपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहीन, एवढी मुभा मला असू द्या.