सांबाराची जुडी

डॉक्टरने "कसं आहे?" विचारलं, की "आराम हाय" म्हणायचं, ही आंजी गावाकडच्या माणसांची जुनी रीत. डॉक्टरचं मन दुखू नये म्हणून! जसं काही त्याच्याशी सोयरीकच जुळवायची आहे. खुशाल ही रीत इमानेइतबारे पाळायचा, तीही बायकोच्या आजारात.

जयाला एमएस होता. शरीराची राखण करणारी ताकदच मेंदूच्या नसांवर उलटते, असा आजार. वर्षभर इंजेक्शनं घेऊनही तिचा उजवा हात ऐकेनासा झाला होता. हातातलं लाटणं निसटायचं, चालताना तोल जायचा. घरात सगळ्यांना माहीत होतं, पण दवाखान्यात तिने तोंड उघडायच्या आत खुशाल बोलून मोकळा व्हायचा.

आजही तेच झालं. डॉक्टर अंकिता मॅडम समजावत होत्या, "याहून जोरदार औषध आहे. पण त्याने थोड्या लोकांना मेंदूचा जीवघेणा संसर्ग होतो. चालू औषधाने बरं असेल, तर तो धोका कशाला घ्यायचा?"

"हाव ना मॅडम, लय आराम हाय," खुशाल म्हणाला. त्याने पिशवीतून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या काढून टेबलावर ठेवल्या. "घरच्या वावरातला हाय."

"किती छान बांधल्यात! तुम्हीच का, जयाताई?"

"हाव, तिनंच."

जयाच्या डोक्यात तिडीक गेली. जुड्या सकाळी त्यानेच बांधल्या होत्या, तिच्यासमोर. तिने एक जुडी ओढली, सुतळी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"काऊन सोडून राह्यली वो?" खुशाल गडबडला.

बोटं वळेनात. गाठ बसेना. सांबार टेबलभर पसरला, मग फरशीवर. खुशाल उचलायला वाकला.

"राहू द्या!" ती ओरडली. "पाहू द्या त्यायले."

मॅडमनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "हे कधीपासून?"

"दिवाळीपासून. दोनदा पडली बी मी. अन् हे म्हनते, आराम हाय!"

"म्हणजे मी चुकीच्याच माहितीवर सल्ला देत होते," मॅडम नाराजीने म्हणाल्या. त्यांनी रक्ताची एक तपासणी सांगितली. जोरदार औषधाचा तिला धोका किती, याचा त्यावरून अंदाज येणार होता. "मग आपण मिळून ठरवू. तुम्हाला जास्त भीती कशाची वाटते?"

हे तिला आजवर कोणीच विचारलं नव्हतं. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

"मरनाची वाटते. पन खाटेवर पडून राह्यची त्याच्याहून जास्त वाटते."

"अन् त्या औषधानं काही झालं तं?" खुशालने विचारलं.

"झालं तं मी समजूनउमजून घेतलेल्या औषधानं होईन. आता तं तुमच्या 'आराम हाय'नं होऊन राह्यलं."

मॅडमनी नवा कागद घेतला आणि लिहिता लिहिता खुशाललाच विचारलं, "यांना डोळ्यांनी नीट दिसतं ना?"

सवयीने त्याचं तोंड उघडलं. मग मिटलं.

"तिले इचारा," तो म्हणाला.