दोन बोगदे आणि ताईचा अर्ज

कुत्र्यांच्या अडथळा शर्यतीला यंदा पंच म्हणून आपल्याच धाकट्या भावाला नेमलंय, हे कळल्यावर ताईनं शिवणाचं मशीन थांबवून कपाळाला हात लावला. दुसरी एखादी बहीण हरखली असती. पण हा भाऊ जमीन मोजणारा. कुत्रेवाल्यांचा अख्खा क्लब त्याला फूटपट्टी म्हणायचा, आणि ते काही कौतुकानं नव्हे. लहानपणी एका बिस्किटाचे दोन तुकडे करायचा, तेही पट्टी लावून.

"बहिणीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून हा शहाणा माझ्याच मुळावर उठणार बघ," ती चिंधीला म्हणाली. चिंधी म्हणजे ताईच्या शिवणाच्या दुकानात, कापडाच्या पोत्यात सापडलेली कुत्री. वीतभर पाय, वय नऊ. गुडघे कुरकुरायला लागल्यामुळे डॉक्टरांनी उड्या बंद करायला सांगितलं होतं, म्हणजे ही शर्यत शेवटची. तीन वर्षं ती दुसरी आली होती, आणि तिन्ही वेळा पहिली आली ती औषधाच्या दुकानवाल्याची कुत्री, तोफ. तोफ म्हणजे नुसते पाय. लहान कुत्र्यांसाठी उडीची दांडी खाली करत, पण घड्याळ मात्र सगळ्यांना एकच. आता पाय कोण लांब करून देणार? ताईला एकदा, फक्त एकदा, चिंधीला पहिली आलेली बघायची होती. त्यासाठी मी वाट्टेल ते करेन, असं ती उघड सांगायची.

शर्यतीच्या सकाळी, कुत्र्यांना गाडीत ठेवून, मालकांना पंचानं आखलेलं मैदान चालून बघायला आठ मिनिटं मिळाली. सहाव्या उडीपाशी ताई थबकली. उडीच्या बरोब्बर समोर कापडी बोगद्याचं तोंड, आणि जायचं होतं डावीकडच्या खांबांमधून. पुढे झुलत्या फळीनंतर परत तोच प्रकार. चुकीच्या बोगद्यात शिरलं की कुत्रा बाद. आणि बोगदा म्हणजे चिंधीचा जीव की प्राण. ताईनं रेनकोटच्या कापडाचा एक घरी शिवला होता, त्यात ती झोपायचीसुद्धा.

"मेल्या, घरचा भेदी तो तूच," ताई पुटपुटली. भांडून उपयोग नव्हता, तो नियमांची वही उघडून बसला असता. मग तिनं डोकं चालवलं. पहिला कुत्रा धावण्याआधी आखणीवर लेखी हरकत घेता येत असे. तिनं क्लबच्या चिटणीसबाईंकडून कागद मागून घेतला आणि उभ्या उभ्या अर्ज खरडला. बाईंनी तो सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचला.

"पंच माझा सख्खा भाऊ आहे. माझ्या कुत्रीला घरी बोगद्याची रोजची सवय आहे, हे त्याला माहीत आहे. ती जिंकावी म्हणूनच त्यानं हे दोन बोगदे टाकले आहेत. मला असली मेहेरबानी नको."

तिसरं वाक्य म्हणजे धडधडीत थाप, पण ताईच्या चेहऱ्यावर काय ती सात्त्विकता! औषधवाल्यानं तर लगेच हात वर करून पाठिंबा दिला. सगळे फूटपट्टीकडे बघायला लागले. त्याचे कान लाल झाले. ताईला मनातून गुदगुल्या होत होत्या. बोल ना आता, म्हण की बहिणीला पाडायला टाकले म्हणून. तोही पक्षपातच की.

"काढतो," तो हळूच म्हणाला. बोगदे गुंडाळून त्यानं तिथं सरळ रेषेत चार उड्या मांडल्या.

चिंधी जीव तोडून धावली. एक दांडी पडली नाही, एक खांब चुकला नाही. अडतीस सेकंद. मग तोफ सुटली, आणि सरळ मैदानात तिला अडवणार कोण? साडेसदतीस.

चिंधी दुसरी.

वर आणखी चिटणीसबाईंनी माइक हातात घेतला. सख्ख्या भावाविरुद्ध, स्वतःच्या फायद्यावर पाणी सोडून उभ्या राहिलेल्या प्रामाणिक बाईंसाठी टाळ्या झाल्याच पाहिजेत, म्हणाल्या. ताईला उठून उभं राहावं लागलं. आयुष्यात इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

गर्दी पांगायला लागली तेव्हा भाऊ जवळ आला.

"ताई, ते बोगदे तोफेसाठी होते."

"म्हणजे?"

"वेगात असली की ती हाक ऐकत नाही. समोर तोंड दिसलं की घुसते. चिंधी नाही घुसत."

"नाही घुसत काय? झोपते त्यात!"

"झोपते. पण पळताना तू हाक मारलीस की वळते. महिनाभर तुझ्या गॅलरीतून तुमचा अंगणातला सराव मोजतोय मी. चाळीस वेळा हाक, चाळीस वेळा वळली. तू नुसती धास्तावलेली असतेस, तुला दिसत नाही. आखणी नेहमी लांब पायांच्या सोयीची असते, तेव्हा हा न्यायच आहे, अशी मी माझी समजूत काढली. पण खरं सांगू? मला ती पहिली यायला हवी होती. तुझ्या अर्जातलं अक्षर न् अक्षर खरं होतं."

जन्मात एकदा हा माणूस लबाडी करायला गेला, तीही तिच्यासाठी, आणि तिनं ती स्वतःच्या हातानं, सही करून, मोडून काढली होती. तिला स्वतःचाच असा संताप आला की तिनं त्या पन्नाशीच्या पंचाचा कान धरला आणि चारचौघांत पिळला.

"सांगायचंस तरी, गाढवा."

"पंचानं सांगायचं नसतं."

तिचे डोळे भरून आले होते, आणि कान काही सोडवेना.

"ताई, दुखतंय."

"दुखू दे," ती म्हणाली.